सार्वकालिक दृष्टी आणि रोजचा दिवस

ख्रिस्ती विश्वासानुसार सार्वकालिक जीवन मरणानंतर सुरू होत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, विश्वास ठेवणाऱ्याला ते आत्ताच मिळालेले आहे. सतराव्या अध्यायातील प्रार्थनेत तर, देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे हेच ते जीवन, असे तो म्हणतो. त्यामुळे सार्वकालिक दृष्टी ठेवणे म्हणजे डोळे आकाशाकडे लावून बसणे नाही. हाताशी असलेले काम, खिशातला पैसा, घरातली माणसे, अंगावरचे दुखणे यांची देवासमोर शेवटी काय किंमत ठरणार आहे, याचे भान ठेवून आजचा निर्णय घेणे, हा तिचा अर्थ आहे.

हे अवघड का जाते, याचे कारण साधे आहे. दिसणाऱ्या गोष्टी तगादा लावतात. कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातो, शाळेच्या फीला मुदत असते, कारखान्यात पाळी चुकली तर पगार कापला जातो. न दिसणाऱ्या गोष्टी तगादा लावत नाहीत. प्रार्थना राहिली म्हणून कोणाचा फोन येत नाही आणि सख्ख्या भावाशी बोलणे तुटून वर्षे लोटली तरी नोटीस येत नाही. म्हणून ज्याला ही दृष्टी हवी आहे, त्याने ती मनाच्या लहरीवर सोडून चालत नाही. दिवसात, आठवड्यात आणि महिन्याच्या हिशेबात तिला ठरावीक जागा द्यावी लागते.

पत्रांतला धागा

पौलाने पत्रे लिहिली तेव्हा त्यांत अध्याय नव्हते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे. उपासनेत एकेक अध्याय वेगळा वाचला जातो आणि त्यामुळे एक महत्त्वाची जोडणी ऐकणाऱ्याच्या हातून निसटते. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पुनरुत्थानाविषयी आहे. मृत्यूचा पराभव, शेवटचा कर्णा, नाशवंताने अविनाशीपण धारण करणे अशा चढत्या सुरात तो जातो आणि प्रभूच्या कामातले श्रम फुकट जात नाहीत, असे सांगून अठ्ठावन्नाव्या वचनाशी थांबतो. त्याच्या लगेच पुढचे वाक्य, म्हणजे सोळाव्या अध्यायाचे पहिले, वर्गणीविषयी आहे. यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, पौल आल्यावर धावपळ करू नये, अशी ती सूचना आहे. शेवटचा कर्णा आणि वर्गणी यांच्यात एका ओळीचेही अंतर नाही.

फिलिप्पैकरांस पत्रातही तेच दिसते. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवलेले होते आणि रोमचे नागरिक असणे हा तिथे मोठा मान होता. अशा गावातल्या मंडळीला तुरुंगातून लिहिताना पौल आपले नागरिकत्व स्वर्गातले असल्याचे सांगतो आणि पाठोपाठ युवदीया व सुंतुखे या दोन स्त्रियांनी एकमेकींशी जुळवून घ्यावे म्हणून दोघींची नावे घेऊन विनवणी करतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात सर्वांचा शेवट जवळ आल्याचे सांगितले आहे आणि दोन वचनांनंतर, कुरकुर न करता पाहुणचार करण्याची सूचना आहे. कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय वरच्या गोष्टींकडे मन लावायला सांगून सुरू होतो आणि राग, शिवीगाळ, खोटे बोलणे, नवरा-बायको, मुले, चाकर यांच्यापर्यंत खाली येतो.

इतक्या ठिकाणी हे घडते तेव्हा तो योगायोग म्हणता येत नाही. स्वर्गाविषयीचे बोलणे पाहुण्याच्या पानापर्यंत आणि दोन शेजारणींच्या अबोल्यापर्यंत पोचले नाही, तर ते कितीही भावपूर्ण असो, नव्या करारातली दृष्टी ती नव्हे.

जुन्या करारात याच दृष्टीचा सर्वांत भरीव पाठ नव्वदाव्या स्तोत्रात आहे. ही मोशेची प्रार्थना म्हणून दिली आहे. माणसाचे आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षांचे, तेही कष्टाचे, सकाळी उगवून संध्याकाळी सुकणाऱ्या गवतासारखे, असे ती सांगते आणि आपले दिवस मोजायला शिकवण्याची विनंती करते. अंत्यविधीत हे स्तोत्र ऐकलेल्या पुष्कळांना ते एवढेच आठवते. त्याचा शेवट मात्र हाताच्या कामाविषयी आहे. आमच्या हातांचे काम स्थिर कर, अशा आशयाची मागणी तिथे दोनदा केली आहे. आयुष्य थोडे आहे म्हणून काम व्यर्थ, असा निष्कर्ष मोशे काढत नाही. आयुष्य थोडे आहे, म्हणून काम टिकवण्याची जबाबदारी तो देवावर टाकतो.

दिवसाची मांडणी

सकाळची पहिली दहा-पंधरा मिनिटे कशाला दिली जातात, यावर दिवसाचा कल बराचसा ठरतो. मोबाइल हातात घेतला की बातम्या, निरोप आणि इतरांच्या सहलींचे फोटो मनात शिरतात आणि दिवसाची मोजपट्टी तीच होऊन बसते. त्याआधी एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक छोटा भाग वाचून झाला असेल तर फरक पडतो. वाचन थोडे असले तरी चालते, पण ते रोजचे असावे. पहाटे डबा करून लोकल गाठणाऱ्या बाईला अर्धा तास मनन करायला सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिने कणीक मळताना एखादे स्तोत्र पाठ म्हटले, तरी ते खरे वाचन आहे. त्यासाठी स्तोत्रे पाठ असावी लागतात. जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत मुलांकडून वचने पाठ करून घेण्याची जी शिस्त होती, तिची किंमत अशा वेळी कळते. ही शिस्त घराघरांत पुन्हा सुरू व्हायला हवी.

संध्याकाळी दिवसाचा आढावा घ्यावा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात याची पद्धत दिली आहे. हे पुस्तक १५४८ साली पोपच्या संमतीने छापले गेले. आढाव्याची सुरुवात आभाराने होते. मग स्वतःला नीट पाहता यावे म्हणून प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा एकेक तास डोळ्यांसमोर आणायचा, जिथे चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक ठोस निश्चय करायचा. कॅथलिक घरांत ही पद्धत परिचित आहे, पण ती प्रोटेस्टंट कुटुंबालाही तितकीच उपयोगी पडते. एक खबरदारी मात्र घ्यावी. आढाव्याचा क्रम आभारापासूनच सुरू करावा. चुकांपासून सुरू केला तर काही दिवसांत तो नकोसा होतो आणि सुटतो.

आठवड्यात या दृष्टीची जागा रविवार आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रभू उठला म्हणून मंडळी त्या दिवशी जमते. प्रभुभोजनात किंवा मिस्सामध्ये तो येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा होते आणि प्रेषितांचा मतांगीकार शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन यांवर संपतो. म्हणजे उपासनेच्या रचनेतच ही दृष्टी बसवलेली आहे. ओठांनी सवयीने म्हटले जाणारे शब्द एकदा सावकाश म्हणून पाहिले, तर वेगळे काही शोधत बसावे लागत नाही. वर्षाच्या चक्रातही तिच्या जागा आहेत. भस्म बुधवारी कपाळावर राख लावून माणूस मातीचा आहे याची आठवण दिली जाते, २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे मृतांच्या कबरींपाशी प्रार्थना करतात आणि नाताळाआधीचे चार आगमन-रविवार बाळ येशूइतकेच त्याच्या पुन्हा येण्याकडेही लक्ष वेधतात.

काम

वॉर्डात रात्रपाळीला असलेली परिचारिका पहाटे तीन वाजता एका बेशुद्ध वृद्धाची ओली चादर बदलते. त्याला कुशीवर वळवताना एका हाताने पाठ आणि एका हाताने मान सावरावी लागते, नळ्या ओढल्या जाणार नाहीत हे बघावे लागते. पाठीवर जखम होऊ घातली आहे का, हे पाहण्यासाठी ती बॅटरीचा उजेड धरते. नातेवाईक बाहेर झोपले आहेत, वरिष्ठ खाली आहेत, रुग्णाला काही कळत नाही. चादर नुसती वरून झाकली असती तरी सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आले नसते. मराठी ख्रिस्ती समाजातल्या कित्येक स्त्रिया या व्यवसायात आहेत, आणि सार्वकालिक दृष्टीची परीक्षा प्रवचनापेक्षा अशा वेळी अधिक होते.

कलस्सैकरांस पत्रात पौल असे न दिसणारे काम करणाऱ्यांशी थेट बोलतो. त्याने ज्यांना उद्देशून लिहिले ते दास होते. त्यांना पगार नव्हता, बढती नव्हती, काम सोडण्याची मोकळीक नव्हती. माणसांच्या डोळ्यांदेखत काम करण्यापेक्षा प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, वतन त्याच्याकडून मिळेल, असे तो त्यांना सांगतो. रोमी कायद्यात दासाला वारसाहक्क नव्हता. ज्यांना जगाने काहीच दिले नाही, त्यांना त्याने वारस म्हटले आहे. हे शब्द दासांना गप्प बसवण्यासाठी आहेत, असा अर्थ कोणी काढू नये, कारण पुढच्याच वचनांत तो मालकांकडे वळतो आणि त्यांचाही मालक स्वर्गात आहे हे बजावून त्यांच्याकडून न्यायाची मागणी करतो.

मालकाच्या बाजूने पाहिले, तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय याहून कडक आहे. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे तो म्हणतो. ख्रिस्ती घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार वेळेवर दिला जातो का, ती आजारी पडली तर खाडा धरला जातो का, बांधकामावरच्या मजुराचे शेवटचे पैसे दोन-तीन फेऱ्यांनंतर मिळतात की त्याच दिवशी, याची नोंद कोणत्या वहीत होते हे विश्वासणाऱ्याला माहीत असते. ज्याच्या हाताखाली एक माणूस जरी काम करत असेल, त्याने महिन्याच्या शेवटी हा अध्याय वाचावा.

मोठे निर्णय घेताना इग्नेशियस यांनी दिलेली आणखी एक कसोटी उपयोगी पडते. निर्णय घेणाऱ्याने आपण मृत्युशय्येवर आहोत अशी कल्पना करावी आणि त्या वेळी आजचा निर्णय कसा घेतलेला असावा असे वाटेल, ते पाहावे. समजा, आखातात नोकरी मिळते आहे. पगार तिप्पट आहे, घराचे कर्ज तीन वर्षांत फिटेल. दुसऱ्या बाजूला आईचे वय झाले आहे, मुलगी दहावीत आहे. या कसोटीतून ‘जाऊ नये’ असेच उत्तर येईल असे नाही. कर्ज फेडणे हीसुद्धा प्रामाणिकपणाची बाब आहे आणि पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत असे. पण प्रश्नाची मांडणी बदलते. किती मिळेल याआधी कशासाठी मिळवायचे, तिथे मंडळी आहे का, आईजवळ कोण राहील, परत यायची तारीख कोणती, हे प्रश्न पुढे येतात. परत यायची तारीख जाण्याआधी लिहून ठेवणे हा यातला सर्वांत व्यवहार्य भाग आहे.

पैसा, जमीन आणि वाटण्या

लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मूर्ख श्रीमंताचा दाखला आहे. कोठारे पाडून मोठी बांधायची आणि मग निवांत खायचे-प्यायचे, असा बेत करणाऱ्या माणसाचा जीव त्याच रात्री मागितला जातो. दाखला सर्वांना ठाऊक असतो, पण तो कशावरून सांगितला गेला हे फारसे लक्षात राहत नाही. गर्दीतल्या एकाने, माझ्या भावाला वतनाची वाटणी करून द्यायला सांगा, असे येशूकडे गाऱ्हाणे मांडले होते. वाटणीचा निवाडा करायला येशूने नकार दिला, लोभापासून जपायला सांगितले आणि मग दाखला सांगितला. भावाभावांचा वारसाचा वाद, एवढा घरगुती त्याचा उगम आहे.

महाराष्ट्रात हा वाद परका नाही. वडिलांनी बांधलेले चार खोल्यांचे घर, मागे चिंचेचे झाड, तीन भावंडे. थोरला तिथेच राहतो, धाकटा पुण्याला, बहीण सासरी. वडील वारल्यावर सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवर नाव लावण्यावरून बोलणे वाढते आणि पुढे एकाच देवळात तिघे तीन बाकांवर बसू लागतात. अशा घरात सार्वकालिक दृष्टीचा पहिला उपाय अगदी कागदी आहे. हयातीत मृत्युपत्र करावे. गोव्याबाहेर भारतातल्या बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांच्या वारसाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मागे पती किंवा पत्नी व मुले असतील, तर जोडीदाराला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना समान मिळते, मुलगा-मुलगी हा भेद त्यात नाही. बहिणीने हक्कसोड करावी असा आग्रह धरणारे भाऊ कायदा आणि विश्वास या दोन्हींचे म्हणणे बाजूला सारत असतात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि या कायद्यानुसार लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, म्हणून लग्नानंतर ते नव्याने करावे. गोव्यात वारशाचा कायदा वेगळा आहे, तिथे स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा. मृत्युपत्र करणे अशुभ आहे ही समजूत ख्रिस्ती घरांतही आढळते. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याला तिचे ओझे वाहण्याचे कारण नाही.

मिळकत वाढते तेव्हा काय करावे, याचा एक नमुना जॉन वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्रज उपदेशकाने आपल्या प्रवचनात दिला आहे. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाची ती हकीकत आहे आणि तो तरुण वेस्ली स्वतःच असे समजले जाते. त्याला वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा त्याने २८ पौंडांत भागवले आणि २ दान केले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी खर्च २८च ठेवला आणि ३२ दिले. नंतर ९० मिळाले तेव्हा ६२ आणि १२० मिळाले तेव्हा ९२ दिले. हे आकडे जसेच्या तसे प्रत्येक घराला लागू होणार नाहीत. मुलांची शिक्षणे, म्हाताऱ्यांची औषधे असलेल्या घराचा खर्च एका जागी थांबवता येत नाही. घेण्याजोगी गोष्ट ही की पगारवाढीआधी खर्चाची मर्यादा ठरली होती. बहुतेक घरांत पगार आधी वाढतो, खर्च त्याच्या मागोमाग वाढतो आणि दानाचा आकडा जुनाच राहतो. करिंथकरांना पौलाने सांगितल्याप्रमाणे दानाची रक्कम पहिल्या दिवशी, खर्च सुरू होण्याआधी, बाजूला काढली की हा प्रकार आपोआप आटोक्यात येतो. दशमांश देणाऱ्यानेही उरलेले नऊ भाग कशावर जातात हे वर्षातून एकदा जोडीदाराबरोबर बसून पाहावे.

दुखणे आणि मरण

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आपली संकटे हलकी आणि क्षणभराची असल्याचे लिहितो. ही भाषा सुखात बसून केलेली नाही. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याची यादी आहे. पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटले. स्वतःच्या दुःखाला तो हलके म्हणतो. दुसऱ्याच्या दुःखाला हलके म्हणण्याचा अधिकार या वचनातून कोणाला मिळत नाही, आणि आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्याने ही मर्यादा कसोशीने पाळावी. औषधोपचारांशी या दृष्टीचा विरोध नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने त्याला व्यावहारिक उपाय सुचवला होता.

मरणाच्या घरी तर अधिक जपावे लागते. थेस्सलनीकाकरांना पौलाने आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असे लिहिले. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला. तरीही कित्येक घरांत, प्रेत अजून उचललेले नसताना, देवाची इच्छा, तो चांगल्या जागी गेला, आता रडायचे नाही, अशी वाक्ये विधवेच्या कानांवर पडतात. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्या वाक्यांनी तिचे रडणे तेवढे अडते. शेजारी बसावे, हात धरावा, जेवणाचा डबा आणावा, कोणी म्हटले तर तेविसावे किंवा नव्वदावे स्तोत्र वाचावे. अंत्यविधीच्या दिवशी घर भरलेले असते. खरी गरज महिन्या-दोन महिन्यांनी पडते. पाहुणे गेलेले असतात, बँकेची आणि पेन्शनची कागदपत्रे पडून असतात, संध्याकाळ लांबते. त्या दिवसांत मंडळीतल्या दोन घरांनी पाळी लावून जावे. पुनरुत्थानाची आशा तेव्हा सांगितली तर ती ऐकू येते.

जिथे दृष्टी भरकटते

पहिला धोका थेस्सलनीकात लगेच दिसला. प्रभू येणार म्हणून काहींनी कामधंदा सोडला आणि ते दुसऱ्यांच्या जिवावर राहू लागले. ज्याला काम करायचे नाही त्याने जेवूही नये, इतक्या स्पष्ट शब्दांत पौलाने त्यांना आवरले. दुसरा धोका तारखा काढण्याचा आहे. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही असे येशूने सांगितले असूनही हिशेब मांडणारे प्रत्येक पिढीत निघतात. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. ती आली आणि गेली, आणि कित्येकांचा विश्वासच डळमळला. आज अशा तारखा मोबाइलवरच्या चित्रफितींतून येतात. त्या पुढे पाठवू नयेत आणि मुलांना त्यांची भीती घालू नये.

तिसरा धोका सूक्ष्म आहे. सत्कर्मांची बेरीज करून स्वर्ग विकत घेण्याचा हिशेब सुरू होतो. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, असे सांगतो आणि त्याच दमात, आम्ही सत्कर्मांसाठी निर्माण झालो आहोत, असेही म्हणतो. हा क्रम उलटा झाला की दृष्टी हिशेबी होते आणि माणूस कोरडा होतो. शेवटी, पृथ्वीला टाकाऊ समजणेही शास्त्राला धरून नाही. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे वर पळून जात नाहीत. नवे यरुशलेम खाली उतरते आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो. नदी घाण करणाऱ्याला किंवा अन्यायाकडे पाठ फिरवणाऱ्याला या अध्यायात आधार सापडणार नाही.

अपुरे राहणारे काम

या दृष्टीने जगणारा माणूस स्वतःच्या हयातीत न संपणारे काम हाती घेऊ शकतो. पंडिता रमाबाईंचे आयुष्य याचे मराठीतले ठळक उदाहरण आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेत या मुली-बायकांसाठी प्रार्थनेच्या जोडीला शेती, विणकाम आणि छपाईचे शिक्षण होते. सार्वकालिक जीवनाची आशा आणि पोटाला लागणारा हुन्नर यांत रमाबाईंनी कधी निवड केली नाही. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. थोडे शिकलेल्या बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. वर्षानुवर्षे ते काम चालले. संस्थेचा भार पुढे जिच्यावर सोपवायचा ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१च्या जुलैमध्ये वारली. रमाबाई त्यानंतरही भाषांतराला बसत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. केडगावच्या छापखान्यातून ते बायबल १९२४ साली बाहेर पडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ज्यांना टिळकांनीच लिहायला-वाचायला शिकवले होते, त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. अपुरे राहण्याच्या भीतीने काम सुरूच न करणे ही सार्वकालिक दृष्टी हरवल्याची खूण आहे. ज्या शिक्षकाला विद्यार्थ्याचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही, जी आई परदेशी गेलेल्या मुलासाठी रोज प्रार्थना करते, जो पाळक दहा घरांच्या खेड्यातल्या मंडळीत वर्षे काढतो, त्यांना करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाचे, श्रम फुकट जात नाहीत असे सांगणारे अठ्ठावन्नावे वचन लागू होते.

सुरुवात करू इच्छिणाऱ्या कुटुंबाने येत्या रविवारी रात्री जेवणानंतर टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून बसावे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाची शेवटची नऊ वचने आणि सोळाव्याची पहिली दोन वचने मध्ये न थांबता सलग वाचावीत. मग त्याच बैठकीत या महिन्याला कोणाला आणि किती द्यायचे ते ठरवावे, रक्कम लगेच बाजूला काढावी आणि ज्या नातेवाइकाशी बोलणे तुटले आहे त्याला कोणी, कधी फोन करायचा तेही ठरवावे. पुढच्या रविवारी यातले काय झाले ते पुन्हा एकत्र बसून पाहावे.